पवित्र शास्त्रातली शिकवण रोजच्या जगण्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल-अभ्यासाच्या वेळी, उपासनेनंतर आणि पत्रांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अवघड. उत्तरांत दिलेले संदर्भ शास्त्र उघडून स्वतः वाचा. सगळ्या उत्तरांमागे माझा आग्रह एकच आहे. वचन मुळात कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत सांगितलं होतं, ते आधी पाहा. मग ते वचन तुम्हाला आज कोणत्या माणसाशी वेगळं वागायला सांगतं, ते ठरवा. यातली एक पायरी गाळली की घोटाळा होतो.

१. ‘वचन आचरणात आणा’ असं प्रत्येक उपदेशात ऐकतो. म्हणजे नेमकं करायचं काय?

याकोबाच्या पत्रात (१:२२-२५, म्हणजे अध्याय १, वचनं २२ ते २५) वचन नुसतं ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. याकोब तिथेच थांबत नाही. पुढच्याच ओळींत तो जिभेला लगाम घालायला आणि अनाथ-विधवांची विचारपूस करायला सांगतो. नंतर तो सभेत आलेल्या श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना खडसावतो (२:१-४). उपाशी भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्यांनाही सोडत नाही (२:१५-१६). त्याच्या लेखी आचरण म्हणजे समोरच्या माणसाशी घडलेली कृती.

समजा तुम्ही इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातलं ४:२९ वाचलं. तोंडातून घातक शब्द निघू नये, ऐकणाऱ्याची उन्नती होईल असंच बोलावं, असं ते वचन सांगतं. ‘आजपासून चांगलं बोलेन’ हा निश्चय दुपारपर्यंतही टिकत नाही. ‘काल जेवताना बहिणीला टोचून बोललो, आज तिची माफी मागतो’ हे मात्र करता येतं, आणि केलं की नाही हे संध्याकाळी कळतंही. वाचून झाल्यावर एक नाव आणि एक कृती मनात पक्की करा. सुरुवातीला एवढं पुरतं.

२. सुरुवात कुठून करू? उत्पत्तीपासून सरळ वाचत गेलो आणि लेवीयमध्ये अडकलो.

असे अडकणारे पुष्कळ आहेत. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. ते सोळाच अध्यायांचं आहे आणि येशू माणसांशी कसा वागला हे त्यात भराभर समोर येतं. मग मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन. त्यानंतर याकोबाचं पत्र, पाच अध्याय. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, योसेफाची गोष्ट (उत्पत्ती ३७ ते ५०) आधी वाचा. घरातले हेवेदावे, अन्याय, मोह, तुरुंग आणि क्षमा हे सगळं तिथे एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतं. लेवीय या नियमांच्या पुस्तकाकडे नंतर वळा, पण वळा नक्की. प्रश्न ६ वाचल्यावर ते पुस्तक वेगळं वाटेल.

३. रोज किती अध्याय वाचायला हवेत? वेळच मिळत नाही.

शास्त्रात असा आकडा कुठेही नाही. पहिल्या शतकातल्या बहुतेक विश्वासणाऱ्यांकडे स्वतःची प्रत नव्हती. पत्रं मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या सभेत, मोठ्याने वाचली जात आणि बाकीचे ऐकत (कलस्सैकरांस ४:१६, १ तीमथ्य ४:१३). तेव्हा प्रवासात किंवा काम करताना ऐकलं तरी ते कमी दर्जाचं नाही. चार अध्याय घाईने उरकण्यापेक्षा दहा ओळी वाचून दिवसभर मनात घोळवणं माणसाला अधिक बदलतं, हे मी खात्रीने सांगेन.

४. एखादं वचन माझ्यासाठी आहे की त्या काळच्या लोकांसाठी, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

यिर्मया २९:११ हे फार लाडकं वचन आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असं देव म्हणतो. परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते हमखास आठवतं. पण हे वचन एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं गोड भाकीत केलं होतं. यिर्मयाने ते खोटं ठरवलं आणि सत्तर वर्षं लागतील असं लिहिलं (२९:१०). म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या कित्येकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता. मग त्यांनी करायचं काय? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा (२९:५-७).

आता हे वचन तुमच्या आयुष्यात आणा. उद्याची मुलाखत यशस्वी होईल असा शब्द त्यात दिलेला नाही. जी जागा तुम्हाला नको होती, तिथेही देवाने तुम्हाला सोडलेलं नाही. तिथेच मुळं धरा आणि तिथल्या लोकांचं भलं करा, असं ते सांगतं. मला तर ही आशा परीक्षेतल्या यशापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

फिलिप्पैकरांस ४:१३ चंही तसंच. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगाने मी सर्व काही करू शकतो, हे प्रेषित पौल बेड्यांत असताना पत्रात लिहितो आणि त्याच्या आधीच्या दोन ओळी भूक, टंचाई आणि विपुलता यांविषयी आहेत. दोन्ही स्थितींत समाधानी राहायला मी शिकलो, असं तो सांगतो. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात आले आणि नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, वचनांचे क्रमांक १५५१ मध्ये पडले. मूळ लेखकांनी सलग मजकूर लिहिला होता, म्हणून वचनाच्या मागचा-पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय त्याचा अर्थ ठरवू नका.

५. शास्त्रातल्या माणसांनी जे केलं ते आपणही करावं का? गिदोनासारखं चिन्ह मागू का?

जे घडलं त्याची नोंद वेगळी आणि जे करावं त्याची आज्ञा वेगळी. इफ्ताहाने अविचाराने नवस केला आणि त्याची झळ त्याच्या मुलीला बसली (शास्ते ११). ते शास्त्रात आहे म्हणून अनुकरणीय नाही. संकटात आणि आजारात सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांची लांबलचक भाषणंही शास्त्रात आहेत, आणि ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत असं शेवटी देवच म्हणतो (ईयोब ४२:७). त्यांच्या भाषणातली एखादी ओळ उचलून आजारी माणसाला ऐकवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

इस्राएलाला शत्रूंपासून सोडव, असं देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं (शास्ते ६:१४-१६). लोकरीचं चिन्ह त्याने त्यानंतर मागितलं, तेही दोनदा: आधी फक्त लोकर दवाने भिजावी, मग फक्त जमीन. देवाने त्याच्या भित्रेपणाशी धीराने घेतलं, ही त्या गोष्टीतली कृपा आहे. निर्णय घेण्याची पद्धत म्हणून ती सांगितलेली नाही. डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर मानायचं, यालाही शास्त्रात आधार नाही. मग देवाची इच्छा कशी कळेल? बरीचशी आधीच लिहिलेली आहे: पवित्र राहा (१ थेस्सलनीकाकरांस ४:३), उपकारस्तुती करा (५:१८), न्यायाने वागा, दयेची आवड धरा आणि देवासमोर नम्रपणे चाला (मीखा ६:८). दोन नोकऱ्यांपैकी कोणती, हे त्यात मिळणार नाही. तिथे प्रार्थना करा, शहाण्या माणसांचा सल्ला घ्या आणि निर्भयपणे एक निवडा.

६. जुन्या करारातले नियम आता लागू आहेत का? काही पाळायचे, काही सोडायचे, ही सोय नाही का?

प्रश्न रास्त आहे. लेवीय १९ हा एकच अध्याय घ्या. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा त्यात आहे (१९:१८), आणि दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड वापरू नये हेही त्यात आहे (१९:१९). मग निवड कशाच्या आधारे करायची? नव्या कराराच्या. यज्ञ आणि याजकपण ख्रिस्तामध्ये पूर्ण झालं, असं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र (७ ते १०) उलगडून सांगतं. इस्राएलाला इतर राष्ट्रांपासून वेगळं ठेवणारे खाण्यापिण्याचे नियम मार्क ७:१९ आणि प्रेषितांची कृत्ये १०, १५ इथे बाजूला होतात. शेजारप्रीतीची आज्ञा मात्र येशूने सर्वांत मोठ्या दोन आज्ञांत घेतली (मत्तय २२:३७-४०).

जे नियम जसेच्या तसे लागू नाहीत, त्यांतूनही देवाचं मन कळतं. त्याच अध्यायात शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडायला सांगितलं आहे, मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवायला मनाई आहे, वजनमापं खरी ठेवायला सांगितलं आहे. तुमच्याकडे शेत नसेल, पण कोणाचे तरी पैसे तुमच्याकडे थकलेले असू शकतात. तिथे हे वचन तुमच्याशी बोलतं.

७. मोबाईल, समाजमाध्यमं, शेअर बाजार… यांचा तर शास्त्रात उल्लेखच नाही. मग काय आधार?

करिंथकरांना पौलाने दिलेली मोजपट्टी घ्या. सगळी मोकळीक असली तरी सगळं हितकारक असतं असं नाही, आणि कशाचीही गुलामगिरी मी पत्करणार नाही (१ करिंथ. ६:१२), दुसऱ्याची उन्नती होते का तेही पाहा (१०:२३-२४). मोबाईल हातात घेतल्यावर तो तुम्हाला सोडवतो की बांधतो? कोणाविषयी पुढे पाठवलेला मजकूर खरा आहे का? ‘शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा एका बोटाने पुढे ढकललेल्या अफवेलाही लागू पडते, याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

८. मुलांना देवाच्या भीतीत वाढवलं, तरी मुलगा दूर गेला. नीतिसूत्रे २२:६ खोटं ठरलं का? की आमचं चुकलं?

हा प्रश्न विचारणारे आईबाप बहुधा मनातून खचलेले असतात. मुलाला योग्य मार्गाचं वळण लाव, म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, असं ते वचन सांगतं. पण नीतिसूत्रे हे सुज्ञतेचं पुस्तक आहे. जग बहुतेक वेळा कसं चालतं ते त्यात सांगितलं आहे. प्रत्येक वचन हा करार समजला तर लागोपाठच्या २६:४ आणि २६:५ चं काय करायचं? मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको असं एक सांगतं, दे असं दुसरं. प्रसंग पाहून वागायचं, हाच तिथला धडा आहे. लहानपणीच्या वळणाला फार मोठं बळ असतं, आणि तरीही मूल स्वतःचे निर्णय स्वतः घेतं.

यशया १:२ वाचा. मी मुलं वाढवली, लहानाची मोठी केली आणि ती माझ्यावर उलटली, असं खुद्द देव म्हणतो. त्या पित्याच्या वाढवण्यात काय उणं होतं? मुलाशी बोलणं तोडू नका, त्याच्यासाठी प्रार्थना थांबवू नका. लूक १५ मधल्या बापाने घर सोडून गेलेला मुलगा परत येताना दूर असतानाच त्याला पाहिलं, म्हणजे त्याचं वाटेकडे लक्ष होतं.

९. क्षमा केली असं तोंडाने म्हणतो, पण आठवण जात नाही. मग ती खरी क्षमा नाही का?

मत्तय १८:२३-३५ मधला दाखला आकड्यांसकट वाचा. राजाने माफ केलेलं कर्ज दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. कोणत्याही चाकराला जन्मोजन्मी फिटणार नाही अशी ती रक्कम आहे. त्या चाकराला सोबत्याकडून शंभर दीनार यायचे होते. उपदेशांत ही रक्कम अनेकदा ‘क्षुल्लक’ म्हटली जाते. ती क्षुल्लक नव्हती. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त राबणं. तुमचं नुकसान लहान आहे असं प्रभू कुठेच म्हणत नाही. ते खरं आहे, मोजता येण्याजोगं आहे, आणि देवाने तुमचं जे सोडलं त्याच्यापुढे ठेवूनच ते सोडायचं आहे.

क्षमा म्हणजे वसुलीचा हक्क सोडणं. स्मृती पुसली जाणं हे तिचं लक्षण नाही. भावांनी आपल्याला गुलाम म्हणून विकलं, हे योसेफाला पुरतं आठवत होतं. तुम्ही माझं वाईट योजलं होतं, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणतो (उत्पत्ती ५०:२०) आणि त्याच श्वासात त्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचं वचन देतो. आठवण वर आली की सूड घ्यायचा नाही, हे पुन्हा ठरवा. किती वेळा क्षमा करू, असं विचारणाऱ्या पेत्र या शिष्याला येशूने सांगितलेलं ‘साताच्या सत्तर वेळा’ कधी कधी एकाच अपराधासाठीही लागतं.

१०. क्षमा केली म्हणजे पूर्वीसारखं नातं ठेवायलाच हवं का? घरात मारहाण होत असेल तर?

क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात आणि विश्वास परत यायला पुरावा लागतो. योसेफाने भावांना पाहताक्षणी गळ्यात घेतलं नाही. आधी त्यांची पारख केली. त्याला विकण्याची कल्पना ज्या यहूदाची होती (उत्पत्ती ३७:२६-२७), तोच यहूदा धाकट्या भावाऐवजी, बन्यामिनाऐवजी, स्वतः गुलाम व्हायला तयार झाला (४४:३३). त्यानंतरच योसेफाला रडू आवरेना आणि त्याने ओळख दिली.

दावीदाची गोष्ट याहून थेट आहे. शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता. दावीदाने त्याला हातात सापडूनही दोनदा जिवंत सोडलं (१ शमुवेल २४ आणि २६). शौलाने कबुली दिली, ‘परत ये, मी तुझं वाईट करणार नाही’ असंही म्हटलं (२६:२१). दावीद परत गेला नाही. शौलाचा उचलून आणलेला भाला त्याने माणूस पाठवून न्यायला सांगितला आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्याच्या मनात सूड नव्हता, आणि त्या घरात पुन्हा पाऊलही टाकलं नाही.

म्हणून मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा, मुलांनाही न्या, कायद्याची मदत घ्या. ‘पत्नीने अधीन राहावं’ हे इफिसकरांस ५ मधलं वचन मार खात राहण्यासाठी वापरणारा माणूस पुढची ओळ लपवतो. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी पतीने पत्नीवर प्रीती करावी, स्वतःच्या देहासारखं तिला जपावं, असं तिथे लिहिलं आहे (५:२५-२९). मंडळीतल्या कोणी तुम्हाला ‘सहन कर आणि प्रार्थना कर’ एवढंच सांगितलं, तर तो सल्ला अपुरा आहे. दुसऱ्या कोणाकडे जा.

११. ‘दुसरा गाल पुढे कर’ म्हणजे तक्रार करायची नाही, कोर्टात जायचं नाही?

मत्तय ५:३९ मध्ये उजव्या गालावरच्या चपराकीचा उल्लेख आहे, आणि ती उलट्या हाताने मारलेली, अपमान करणारी चपराक असावी असं अनेक अभ्यासक मानतात. अपमानाला अपमानाने उत्तर देण्याचं चक्र तोडणं हा त्या वचनाचा गाभा. येशूला चौकशीत थोबाडीत मारली तेव्हा त्याने हात उगारला नाही, पण मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असा जाब विचारला (योहान १८:२३). पौलाने फिलिप्पैत बेकायदा फटक्यांबद्दल अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं (प्रे. कृत्ये १६:३७) आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली (२५:११). न्याय मागणं आणि सूड घेणं यांत फरक आहे. दोन विश्वासणाऱ्यांतला पैशाचा किंवा मालमत्तेचा वाद असेल तर आधी मंडळीतल्या सुज्ञ माणसांपुढे ठेवा (१ करिंथ. ६:१-८). गुन्हा झाला असेल, विशेषतः लहान मुलांविरुद्ध, तर तो मंडळीत दाबून ठेवू नका. रोमकरांस १३:४ प्रमाणे ते काम अधिकाऱ्यांचं आहे.

१२. ‘दोष काढू नका’ असं प्रभू म्हणतो. मग कोणाची चूक दिसली तरी गप्प बसायचं?

मत्तय ७:१ पाशी थांबू नका, ७:५ पर्यंत जा. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. कसं, ते गलतीकरांस ६:१ सांगतं: सौम्यतेने, आणि आपणही मोहात पडू शकतो हे लक्षात ठेवून. पहिली पायरी एकांतात, दोघांतच (मत्तय १८:१५). ती पायरी ओलांडून थेट ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून चारचौघांत सांगणं ही चहाडीच आहे.

१३. वरिष्ठ खोटे आकडे लिहायला सांगतात. नकार दिला तर नोकरी जाईल.

दानीएलाच्या पहिल्या अध्यायातली रीत पाहा. राजाचं अन्न खाऊन स्वतःला विटाळायचं नाही असं त्याने मनाशी पक्कं ठरवलं, पण कारभाऱ्याशी तो अदबीने बोलला, त्याची अडचण समजून घेतली आणि दहा दिवसांच्या परीक्षेचा पर्याय पुढे ठेवला. तुम्हालाही बऱ्याचदा असा पर्याय सुचवता येतो: ‘खरे आकडे लावून कारण लिहू या, मी मसुदा करते.’ तो मानला गेला नाही तर खोटं लिहू नका, मग काय व्हायचं ते होवो. हे लिहायला सोपं आणि करायला महाग आहे, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मंडळीने अशा माणसाच्या घरखर्चाची, नव्या कामाची चौकशी करायला हवी. एकट्याने भोगायची ही गोष्ट नाही.

१४. पण इब्री सुइणी फारोशी खोटं बोलल्या, राहाबेने हेरांना लपवलं. त्यांना तर देवाने आशीर्वाद दिला!

निर्गम १ मध्ये फारोने इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले होते, यहोशवा २ मध्ये राजा हेरांच्या मागावर होता; दोन्हीकडे प्रश्न निरपराधांच्या जिवाचा होता. मारेकऱ्याला बळीचा पत्ता न सांगणं आणि स्वतःची नोकरी, अब्रू किंवा पैसा वाचवणं यांची बरोबरी होत नाही. खोटं मुळीच बोलू नये, देवाने त्या स्त्रियांच्या धैर्याचं फळ दिलं, असं काही ख्रिस्ती शिक्षक म्हणतात. जीव वाचवण्याचं कर्तव्य तिथे मोठं ठरतं, असं इतर म्हणतात. मला दुसरं मत पटतं. प्रश्न १३ मधल्या प्रसंगाला मात्र दोघांचंही उत्तर एकच असेल.

१५. डोक्यावर कर्ज आहे. तरी दशमांश द्यायलाच हवा का?

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग; तो सगळा देवाच्या भांडारात आणा, हे मलाखी ३:१० नेहमी ऐकवलं जातं. त्याच्या जोडीला अनुवाद १४:२८-२९ वाचा: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून असे. नव्या करारात ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जुलमाने देऊ नये (२ करिंथ. ९:७), आणि जवळ असेल त्या मानाने दिलेलं मान्य होतं, नसेल त्या मानाने नाही (८:१२). घेतलेलं कर्ज फेडणं हीही आज्ञाधारकताच आहे (स्तोत्र ३७:२१), आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी १ तीमथ्य ५:८ फार कडक बोलतं. म्हणून थोडं द्या, पण द्या; देण्याची सवय मोडू नका. कर्जाचे हप्ते चुकवून किंवा नवं कर्ज काढून देणगी देऊ नका. दिल्यावर दुप्पट मिळेल असं आश्वासन देऊन जो मागतो, त्याच्यापासून सावध राहा. विधवांची घरं गिळणाऱ्यांना प्रभूने दिलेला इशारा (मार्क १२:४०) गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांच्या, म्हणजे क्षुल्लक नाण्यांच्या, गोष्टीच्या अगदी आधी येतो.

१६. ‘चिंता करू नका’ असं लिहिलं आहे. मला तर रात्र-रात्र झोप येत नाही. माझा विश्वास कमी आहे का? औषध घेणं चुकीचं का?

नाही, आणि नाही. ‘चिंता करू नका’ हे फिलिप्पैकरांस ४:६ लिहिणाऱ्या पौलालाच सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज ग्रासत होती (२ करिंथ. ११:२८). एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, आणि वाट तुला फार लांबची आहे हे मान्य केलं (१ राजे १९:४-८). तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी पौलाने त्या काळचा उपाय सांगितला (१ तीमथ्य ५:२३), आणि लूक हा पौलाचा सोबती वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४). डॉक्टरांकडे जा, सांगितलेली औषधं घ्या, प्रार्थनाही करा. कोणी ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ म्हटलं, तर त्याचं ऐकू नका. जीव नकोसा वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा, एकट्याने रात्र काढू नका.

१७. प्रार्थना करूनही काहीच घडत नाही.

पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं (२ करिंथ. १२:७-९). स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, त्याला दिलाशाची शेवटची ओळ नाही. तरी ते प्रार्थनापुस्तकात आहे. ज्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी तेच मोठ्याने वाचा.

१८. त्याच त्याच पापात पुन्हा पडतो. आता देवापुढे जायलाही लाज वाटते.

पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, हे १ योहान १:९ विश्वासणाऱ्यांनाच लिहिलं आहे, म्हणजे त्यांना कबुलीची गरज पडणार हे गृहीत आहे. तरी केवळ एकांतातली कबुली पुष्कळदा पुरत नाही. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतो. ज्याचं तोंड बंद राहतं अशा एका प्रौढ विश्वासणाऱ्याला सांगा. पापाकडे नेणारी वाट, वेळ, माणसं ओळखून तोडा. मत्तय ५:२९-३० मधली कठोर भाषा याचसाठी आहे.

ज्याचं नुकसान केलं त्याची भरपाई हा पश्चात्तापाचाच भाग आहे, आणि तो सहसा गाळला जातो. गणना ५:६-७ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे. जकातदार जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेव्हा प्रभूने त्याला अडवलं नाही (लूक १९:८-९).

१९. पती विश्वासात नाही. घरात तणाव असतो. वेगळं व्हावं का?

तो नांदायला राजी असेल तर विश्वासाच्या कारणावरून सोडू नये, जात असेल तर जाऊ द्यावं, असं १ करिंथ. ७:१२-१५ मध्ये आहे. रोज उपदेश ऐकवण्यापेक्षा वागणुकीतून शब्दावाचून जिंकता येतं (१ पेत्र ३:१). हिंसा असेल तर प्रश्न १० पाहा; तिथलं उत्तर इथेही लागू आहे.

२०. पाळकांनी सांगितलेलं आणि मी वाचलेलं जुळत नाही. कोणाचं मानू?

बिरुयातल्या लोकांनी साक्षात पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासलं, आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणी झाली (प्रे. कृत्ये १७:११). तेव्हा तपासणं हा उद्धटपणा नाही. मात्र आपलंही वाचन चुकू शकतं. अपुल्लो या वक्तृत्वसंपन्न उपदेशकालाही अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांनी बाजूला घेऊन समजावलं (१८:२६). तुम्हीही पाळक किंवा धर्मगुरूंना एकांतात, संदर्भ हातात घेऊन विचारा. शंका विचारणाऱ्याला शाप किंवा बहिष्काराची भीती घालणारा नेता असेल तर ती मंडळी सोडणं योग्य.

२१. दोन प्रामाणिक विश्वासणारे एकाच गोष्टीवर उलट मत धरतात. मग बरोबर कोण?

रोमच्या मंडळीत काही जण फक्त भाजी खात, काही सगळं खात. काही विशिष्ट दिवस पाळत, काहींना सगळे दिवस सारखेच. पौलाने स्वतःचं मत लपवलं नाही, तरी निकाल लादला नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, आणि ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी (रोमकरांस १४:३-५). ज्याला मोकळीक आहे, त्याने दुसऱ्याच्या दुर्बळ विवेकासाठी ती सोडायला तयार असावं (१४:१५, १ करिंथ. ८:१३).

दुसऱ्याचं मन सांभाळायचं म्हणजे त्याची मर्जी राखायची असं मात्र नाही. ज्याला खरोखर ठेच लागून तो विश्वासातून घसरेल, त्याची काळजी पौलाला आहे. आपल्या आवडीनिवडी सगळ्या मंडळीवर लादणाऱ्याला तो गलतीकरांस २:११-१४ मध्ये उघड विरोध करतो, आणि तिथे समोर पेत्र असतो.

काय खावं, कोणता दिवस पाळावा, उपासनेत कोणती वाद्यं असावीत, पेहराव कसा असावा, मुलांना कोणत्या शाळेत घालावं, हे रोमकरांस १४ च्या कक्षेत येतं. चोरी, व्यभिचार, मजुरी बुडवणं, जातीवरून किंवा पैशावरून माणसाला दूर बसवणं, हे येत नाही. ‘हे माझं वैयक्तिक मत आहे’ असं म्हणून या दुसऱ्या यादीतली कोणतीही गोष्ट पहिल्या यादीत घालता येणार नाही.